डावा, गेला, उरला

३ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यावरची पट्टी काल निघाली. आज सकाळी समोरच्या इमारतीवरील पाटी वाचली — चष्म्याशिवाय! अक्षरांमधील अंतर चुकलेले आहे. तिसरे अक्षर चौथ्याच्या अंगावर पडले आहे. हल्ली पाट्या यंत्र कापते. यंत्राला लाज नसते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, 'आजोबा, पेशंटने जरा पेशंट राहावे.' मला वाटले, बाईंची जीभ घसरली. घरी येऊन सूनबाईंना विचारता आले असते. त्या शाळेत इंग्रजी शिकवतात. परंतु सासऱ्याने सुनेपुढे विद्यार्थी होऊन उभे राहावे, हे मला शोभत नाही. आज त्या शाळेत गेल्यावर त्यांच्या कपाटातील शब्दकोश काढला. पेशंट म्हणजे रुग्ण. पेशंट म्हणजे धीर धरणारा. शब्द एक, स्पेलिंगही एक! किमान साठ दवाखान्यांच्या भिंतींवर मी हा शब्द रंगवला असेल. खाली बाकावर माणसे मुकाट बसलेली असत. त्यांना काय करायचे आहे ते भिंतीवर लिहिलेलेच होते, आणि ते लिहिणाऱ्यालाच कळत नव्हते.

मी चौथी उत्तीर्ण आहे. चौथीपर्यंत इंग्रजी नव्हते. ती अक्षरे मी पाट्यांवरूनच शिकलो, आणि सेहेचाळीस वर्षे रंगवली. माझ्याइतके शुद्ध वळण या गावात दुसऱ्या कोणाचे नव्हते. मात्र अर्थ पाहायला सवड झाली नाही.

निश्चय : नजर परत मिळाली आहे, तर जे आयुष्यभर रंगवले ते आता वाचायचे. रोज दोन शब्द.

५ फेब्रुवारी, बुधवार

'फाइन' पाहिला. गाडी लावू नये, अन्यथा फाइन — तो दंड. सूनबाई फोनवर आपल्या आईला 'आय ॲम फाइन' म्हणतात — ते छान. आणि रंगाच्या दुकानात आम्ही फाइन ब्रश मागत असू — तो बारीक. दंड, छान, बारीक. ज्याने हा शब्द केला, तो घाईत असावा.

'लेट'. या शब्दाने माझी फजिती केली होती. मी नवखा असताना एका वाचनालयाची पाटी आली. देणगीदाराच्या नावापूर्वी 'लेट' लिहायचे होते. मला लेट म्हणजे उशीर, एवढेच ठाऊक. वाटले, गृहस्थ उद्घाटनाला उशिरा पोहोचले असतील. पण म्हणून ते जन्मभर पाटीवर लिहून ठेवणे बरे नव्हे. माणुसकी म्हणून मी ते गाळले. दुसऱ्या दिवशी त्यांचे चिरंजीव आले. म्हणाले, 'आमच्या वडिलांना जिवंत केलंत, आभारी आहे. आता परत मारा.'

८ फेब्रुवारी, शनिवार

सापडलो. डोळ्यांच्या औषधाचे टोपण खूण म्हणून कोशात ठेवले होते, ते तसेच राहिले.  संध्याकाळी सूनबाईंनी कोश माझ्या पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवलेला होता. शेजारी भिंग होते. टोपण धुऊन ठेवलेले होते.

 जेवताना मी भाजी चांगली झाल्याचे सांगितले. चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले.

'राइट' पाहिला. उजवा. बरोबर. हक्क. मी उजव्या हाताचा आहे. तिन्ही अर्थ मला पटले.

मग ओघाने 'लेफ्ट'. डावा — ठीक. पुढे लिहिले आहे : सोडून गेला. त्याच्या पुढे : उरलेला. दोनदा वाचले. भिंगाने तिसऱ्यांदा वाचले. गेलेल्याला आणि उरलेल्याला एकच शब्द! हे लोक एकमेकांना निरोप तरी कसा देत असतील?

डावखुऱ्याची आठवण झाली. त्याच्याविषयी या वह्यांत बावीस वर्षे एक ओळ लिहिलेली नाही. आजही लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहितो.

तो माझा भागीदार. चोवीस वर्षे एका शिडीवर काढली. सगळे गाव त्याला डावखुरा म्हणत असे, मीही. तो मला मास्तर म्हणे — चौथी पास झाल्याबद्दल! तो स्वतः शाळेच्या दारापर्यंतही गेलेला नव्हता. आखणी माझी, रंग दोघांचा. दोरीला खडू लावून रेषा मारायची, अक्षरांचे सांगाडे काढायचे, हे माझे काम. मग मी शब्दाच्या सुरुवातीकडून रंगवीत जाई आणि तो शेवटाकडून. कारण असे की, डावखुऱ्या माणसाने डावीकडून उजवीकडे रंगवले तर त्याची बाही मागच्या ओल्या अक्षरांवरून फिरते. म्हणून तो उलटा येई. वाचता येत नसल्याने त्याचे काही अडत नसे. त्याला ते अक्षर नव्हते, चित्र होते. चोवीस वर्षांत त्याच्या डाव्या बाहीला रंगाचा एक ठिपका लागला नाही. लोक रस्त्यात उभे राहून पाहत. दोघे दोन टोकांनी निघून शब्दाच्या मध्यावर भेटत असू. तेथे कोपराला कोपर लागले की तो म्हणे, 'मास्तर, आलं गाव.' मग चहा.

वह्या-पेनांचे एक दुकान होते. पाटी बारा फूट लांब. शब्द इंग्रजीतच हवा, असा मालकाचा आग्रह. मी आखणी केली. टर्पेंटाइन संपले होते, ते आणायला गेलो. परत येऊन पाहतो तर शेवटची तीन अक्षरे झालेली — वाय, आर, आणि त्यांच्या मागे ई! मी तेथे ए आखला होता. माझ्या खडूवर त्याने दुसरेच अक्षर चढवले!

मालक उभा होता. चार गिऱ्हाइके होती. मी खालूनच म्हणालो, 'ज्याला स्वतःची सही येत नाही, त्याने माझं स्पेलिंग सुधारायचं?'

 तो शिडीवरून उतरला. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, दांडा पुसला, माझ्या पेटीत त्याच्या जागेवर ठेवला आणि निघून गेला. फेकला असता तर बरे झाले असते. धुतला, ते मला फार लागले.

मी ए करायला शिडीवर चढलो, तर मालक म्हणाला, 'राहू द्या, आहे ते छान आहे.' मला तो अडाणी वाटला. त्या दिवसापासून मी त्या रस्त्याने गेलो नाही. बाजाराला जायचे तर तळ्याकडून वळसा घालतो. चिरंजिवांच्या लग्नाला डावखुऱ्याला बोलावले नाही. तोही आला नाही, हे मी त्याच्या नावावर दोष म्हणून मांडले.

बास.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज तो शब्द काढला. माझे बरोबर होते, एवढे छापील पाहण्यासाठीच काढला, हे येथे कबूल करतो.

ए लावून शब्द सापडला. मनात म्हटले, झाले! मग अर्थ वाचला. एका जागी थांबलेला. न हलणारा. वह्या नाहीत, पेने नाहीत. त्याच्या लगेच खाली तोच शब्द पुन्हा, ए-च्या जागी ई. अर्थ : कागद, लेखण्या, लेखनसाहित्य.

भिंग पुसले. पुन्हा पाहिले. डोळ्याचे ऑपरेशन उत्तम झाले आहे.

आपल्या लिपीत लिहिले तर दोन्ही शब्द एकच — स्टेशनरी. कान्याचा नाही, मात्रेचा नाही, कशाचाच फरक नाही. मालकाने आपल्या लिपीत पाटी मागितली असती तर डावखुरा आज समोर बसून माझ्या डोळ्याची चेष्टा करीत असता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कोश उघडला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चिरंजीव जेवताना चाचरत म्हणाले, 'बाबा, डावखुरे काका ॲडमिट आहेत. काकूंचा फोन आला होता.' मी विचारले, कोणाला फोन? म्हणाले, मला. कळले ते असे की चिरंजीव गेली कित्येक वर्षे त्यांच्याकडे जातात. सूनबाईही. लग्नानंतर दोघे पाया पडून आले होते. मला सांगितले नाही, कारण मी ताट सोडून उठलो असतो.

ताट सोडले नाही. पोळी संपवली.

नंतर 'ॲडमिट' पाहिला. आत घेणे. शाळेत, रुग्णालयात. या शब्दाच्या पाट्या मी शेकड्यांनी रंगवल्या. दुसरा अर्थ त्याखाली होता : कबूल करणे.

म्हणजे आता तो एका अर्थाने ॲडमिट आहे. दुसरा अर्थ माझ्याकडे येतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो. धुतलेला सदरा घातला. काय बोलायचे ते पाठ केले होते. तीन वाक्ये.

लांबट खोली, सहा खाटा, त्याची खिडकीजवळची. दारातच पाय अडले. माझा पाय ऑपरेशनचा नव्हे, डोळा ऑपरेशनचा, तरी अडले. परिचारिका कोणाला तरी सांगत होती, 'लेफ्ट साइड गेलीय त्यांची.' डावा हात चादरीवर ठेवलेला होता — त्याने ठेवलेला नव्हे, कोणीतरी ठेवलेला. नुकताच शिकलेला एक शब्द त्या क्षणी मनात आला. तो तेथे मला नको होता.

त्याने मला पाहिले. जीभ थोडी जड झाली आहे, पण बोलणे कळते.

'या मास्तर,' म्हणाला, 'डोळा उघडला म्हणे.'

वहिनींनी स्टूल पुढे केले. मी उभाच राहिलो. तीन वाक्यांतले पहिले जुळवत होतो. तेवढ्यात त्यानेच सुरुवात केली.

'त्या बोर्डाचं सांगायचं राहून गेलं. तुझा ए मी नीट रंगवला होता रे. माझी बाही लागली, सगळा पसरला. पुसला, परत काढायला गेलो तर ए काही जमेना. मग तीन आडव्या मारल्या आणि ई करून टाकला. म्हटलं, कुणाला कळतंय. चुकलं माझं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.'

मी काय म्हणायला हवे होते ते मला ठाऊक होते. ते तोंडात तयार होते. मी म्हणालो, 'जाऊ दे. मी मनात काही ठेवलेलं नाही.'

बावीस वर्षे मनात ठेवून मी हे म्हणालो!

वहिनींनी डोळे पुसले. मला बसवून चहा दिला, बशीवर दोन बिस्किटे ठेवली. मी ती खाल्ली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

क्षमा करून आलो. कशाची?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सूनबाई उत्तरपत्रिका तपासत होत्या. मी समोर जाऊन बसलो. कोश त्या दोन शब्दांवर उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले — पाटी, शिडी, ब्रश, मंगळवारची बिस्किटे.  मध्ये त्यांनी लाल पेनाचे टोपण लावून ठेवले.

मग म्हणाल्या, 'बाबा, या दोन शब्दांत मी अजूनही अडकते. खूण करून ठेवलीय — एन्व्हलप ई-ने सुरू होतं, म्हणून पाकिटांच्या दुकानाला ई.' मी विचारले, तुम्हीसुद्धा? हसल्या. म्हणाल्या, 'वर्गात फळ्यावर चुकते की कधी कधी. पहिल्यांदा चुकले तेव्हा एका मुलीनं बोट दाखवलं, तर मी तिलाच दटावलं. घरी येऊन जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, ती बरोबर होती, बाई चुकल्या. आता सगळा वर्ग माझी चूक सापडावी म्हणून अभ्यास करतो.'

मी म्हणालो, 'सगळ्या वर्गासमोर?'

'दटावलं वर्गासमोर होतं ना, बाबा.'

त्या लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना कधी काही विचारले नव्हते. अकरा वर्षे घरात शिक्षिका होती आणि मी चोरून पुस्तक काढत होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कोश फडक्यात गुंडाळून नेला. सूनबाई सोबत आल्या. पण रुग्णालयाच्या दारातच थांबल्या, म्हणाल्या, मी फळं घेऊन येते. फळांची गाडी दारासमोरच होती, त्यात वेळ लागण्यासारखे काही नव्हते. मला कळले.

वहिनी होत्या, परिचारिका होती. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ झोपलेले होते. त्यांना मी उठवले. वहिनी म्हणाल्या, 'अहो, त्यांना कशाला?' मी सांगितले, साक्षीला. अपमान चार माणसांत केला होता. कबुली एकांतात दिली असती तर ती शुद्ध झाली नसती.

उभा राहिलो. म्हणालो, 'त्या पाटीवर ई बरोबर होता. ए चूक होता. ए माझा होता.' आणि शब्दावर बोट ठेवून कोश त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नाही, हे धरल्यावर ध्यानात आले. तरी त्याने पाहिले. दोन्ही शब्द एकाखाली एक, बराच वेळ, आम्ही पाट्या पाहायचो तसे — एक डोळा मिटून.

'म्हणजे माझी बाही तुझ्यापेक्षा जास्त शिकलेली म्हणायची,' तो म्हणाला.

शेजारचे गृहस्थ हसले. झोपमोडीचे काही वाटले नसावे. मला हसू यायला थोडा वेळ लागला, परंतु आले. मी म्हणालो, 'मी चार लोकांत जे बोललो ते बोलायला नको होतं.' तो म्हणाला, 'बस आता. उभा राहून पाय दुखतील तुझे, आणि मग मला म्हणशील.'

बसलो. त्याला लेफ्टची गंमत सांगितली — डावा, गेला, उरला. त्याला फार आवडली. 'एकाच माणसाला तीन कामं? भलते कंजूष लोक दिसतात.' मग राइटची सांगितली. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. म्हणाला, 'आता हाच चालतो. म्हणजे या वयात मीही बरोबर होणार.'

सूनबाई संत्री घेऊन आल्या. तो त्यांना म्हणाला, 'सूनबाई, सासऱ्याला जास्त शिकवू नका, आधीच चौथी पास आहे.'

येताना तळ्याचा वळसा घातला नाही. दुकान बंद झालेले आहे, वर्षे झाली असावीत. पाटी आहे. रंग बराच उडाला, पण ई शाबूत आहे. तीन आडव्या रेषा, सारख्या अंतराने. घाईत मारलेल्या नाहीत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेतली पाटी आणि खडू घेऊन त्याच्याकडे गेलो. उजव्या हाताने रेषा मारायची सवय करवीत आहे. रेषा सापासारखी जाते. चिडतो. मी म्हणालो, पेशंट राहा. म्हणाला, तो तर आहेच की!

१ मार्च, शनिवार

आज सकाळी ही वही शेवटाकडून चाळली. नऊ तारखेला मीच लिहिले आहे : चोवीस वर्षांत त्याच्या डाव्या बाहीला रंगाचा एक ठिपका लागला नाही.

तो शेवटाकडून येत असे. बाही ओल्या रंगाला लागणारच कशी?

थेट गेलो. विचारले. तो खडू फिरवीत राहिला. म्हणाला, 'त्या दिवशी तू दारात अडकून उभा होतास. आत यायला तुला काहीतरी द्यायला पाहिजे होतं.'

मग तो ई कसा?

'मालकाच्या बिलबुकावर तोच शब्द छापलेला होता. वाचता येत नाही मला, पण चित्रं जुळवता येतात. एकच जुळत नव्हतं.'

मी विचारले, तेव्हाच का नाही बोललास? तेव्हा का सोडून गेलास?

'मालक उभा होता ना, मास्तर.'